फिकट पिवळा ॲसिटोन

पांढऱ्या कागदासमोर धरल्याशिवाय तो रंग कळत नाही. दह्यावर सुटलेल्या निवळीला जशी हिरवट-पिवळी झाक असते, तेवढाच. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत उभं राहून मी बनवलं होतं ते एवढंच: सव्वाशे-दीडशे मिलिलिटर ॲसिटोन आणि त्यात विरघळलेलं डायमिथिलडायऑक्सिरेन. दुसऱ्या रेणूला आपला एक ऑक्सिजन देऊन टाकणारं रसायन. प्रयोगशाळेत एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे डीएमडीओ म्हणतात.

पुण्यातला मे महिना होता. फ्यूम हूडची काच अर्ध्यावर ओढलेली, समोर जाड पारदर्शक ढाल. मोठ्या तीन तोंडी फ्लास्कमध्ये पाणी, ॲसिटोन आणि खायच्या सोड्याचा चिखल, खाली बर्फ. त्यात ऑक्झोन नावाची पांढरी पूड घालायची. १२० ग्रॅम, पाच हप्त्यांत, दर तीन मिनिटांनी एक हप्ता. पोहण्याचे तलाव स्वच्छ करायलाही हीच पूड वापरतात. प्रत्येक हप्त्याला फ्लास्कमध्ये फेस चढायचा, उतू जाणाऱ्या दुधासारखा, आणि मी ढवळणीचा वेग कमी-जास्त करत बसायचे. मग हलकी निर्वात ओढ लावायची. ॲसिटोनची वाफ डीएमडीओला सोबत घेऊन निघते आणि ड्राय आइसच्या कुंडात, उणे ७८ अंशांवर, थेंबाथेंबाने जमते.

किती हाती लागलं हे आयोडीन टायट्रेशनने कळतं. थोडं द्रावण पोटॅशियम आयोडाइडमध्ये टाकलं की तपकिरी आयोडीन सुटतं. त्यावर थायोसल्फेट, शेवटी स्टार्च, निळा रंग, आणि तो गेला की थांबायचं. माझा आकडा आला ०.०७ मोलर. १३० मिलिलिटरमध्ये हिशेब केला तर पाऊण ग्रॅमही नाही. घातलेल्या ऑक्झोनच्या मानाने अडीच टक्क्यांच्याही आत. माझं तोंड उतरलेलं पाहून शेजारच्या बाकावरचे सीनियर म्हणाले, "अगं, इतकंच मिळतं. पाच टक्के मिळाले तर पेढे वाट." ते खरंच होतं. ही क्रिया बरी चालली तरी उतारा पाच टक्क्यांच्या घरातच राहतो आणि जगभर लोक त्यावर समाधान मानतात. समाधान का मानतात, ते कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

या रेणूची बांधणी अगदी लहान आहे. मधे एक कार्बन, त्याला दोन मिथिल गट आणि दोन ऑक्सिजन, आणि ते दोन ऑक्सिजन एकमेकांनाही जोडलेले. म्हणजे तीन अणूंचं वलय. अशा वलयाला डायऑक्सिरेन म्हणतात. कार्बनचे चार बंध मोकळेपणी पसरले तर त्यांच्यात साधारण साडेएकशेनऊ अंशांचा कोन राहतो. तीन अणूंच्या वलयात तो साठच्या आसपास दाबून बसवावा लागतो. म्युनिकच्या ॲडोल्फ फॉन बायर यांनी १८८५ साली हा हिशेब मांडला. कोन जितका दाबला जाईल तितका वलयात ताण, आणि जितका ताण तितकं ते उघडायला उतावीळ. त्यात डायऑक्सिरेनमध्ये दोन ऑक्सिजन शेजारी. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मुळातच कमकुवत, इथे तर तो आणखी ताणलेला. सगळ्यात साध्या डायऑक्सिरेनमध्ये या बंधाची लांबी १.५१६ अँगस्ट्रॉम मोजली गेली आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्यापेक्षा जास्त. ते मोजमाप १९७० च्या दशकाच्या शेवटी सुएनराम आणि लोव्हास यांनी केलं, ओझोन आणि एथिलीन अतिथंड तापमानाला एकत्र आणून, सूक्ष्मलहरींच्या वर्णपटावरून.

या वलयाचा इतिहास मला फार आवडतो आणि वर्गात मी तो सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. १८९९ मध्ये याच बायर यांनी व्हिक्टर व्हिलिगर यांच्यासोबत मेन्थोनसारख्या कीटोनांवर, म्हणजे ॲसिटोनच्या जातीच्या संयुगांवर, कॅरोच्या आम्लाचा प्रयोग केला. कीटोनमध्ये एक ऑक्सिजन घुसला आणि लॅक्टोन, म्हणजे वलयातलं एस्टर, मिळालं. हे कसं घडलं असेल, तर मधे तीन अणूंचं, दोन ऑक्सिजनवालं वलय तयार होत असावं, असं त्यांनी सुचवलं. ताणाचा सिद्धांत ज्याने मांडला त्यानेच इतकं ताणलेलं वलय कागदावर काढलं. पुढे क्रिगे यांनी दुसरा मार्ग सुचवला, आणि १९५३ मध्ये डोअरिंग आणि डॉर्फमन यांनी जड ऑक्सिजनची खूण लावून सोक्षमोक्ष केला. बेन्झोफिनोनच्या ऑक्सिजनवर खूण होती. मधे डायऑक्सिरेन असतं, तर दोन्ही ऑक्सिजन सारखेच होऊन खूण दोन जागी वाटली गेली असती. ती वाटली गेली नाही. क्रिगे बरोबर ठरले, बायर यांचं वलय पुस्तकातून उतरलं.

पण कीटोन आणि कॅरोच्या आम्लाचं मीठ (ऑक्झोनमध्ये असतं तेच) हीच जोडी आम्लाऐवजी सौम्य अल्कधर्मी पाण्यात ठेवली, तर वेगळंच काही घडतं. १९७४ मध्ये मॉन्टगोमेरी यांना दिसलं की थोडं कीटोन घातलं की या मिठाचं विघटन झपाट्याने होतं आणि त्याची ऑक्सिडीकरणाची धारही वाढते. १९७९ मध्ये एडवर्ड्स, कुर्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा त्याच जड ऑक्सिजनच्या खुणेने दाखवलं की इथे मधे डायऑक्सिरेन असलंच पाहिजे. ज्या साक्षीदाराने १९५३ मध्ये या वलयाविरुद्ध साक्ष दिली, त्यानेच २६ वर्षांनी दुसऱ्या भांड्यात त्याच्या बाजूने दिली. आणि १९८५ मध्ये सेंट लुइसला मिसुरी विद्यापीठात रॉबर्ट मरे आणि आर. जयरामन यांनी ते भांड्याबाहेर काढलं, ॲसिटोनच्या वाफेसोबत, फिकट पिवळ्या द्रावणाच्या रूपात. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा जयरामन या नावावर माझं बोट थांबलं होतं. आपल्याकडचं नाव अशा जागी दिसलं की अजूनही बरं वाटतं. बायर यांनी कागदावर काढल्यापासून ते बाटलीत येईपर्यंत ८६ वर्षं गेली.

माझं काम साखरेवर होतं. ग्लुकॅल नावाच्या साखरेतल्या दुहेरी बंधावर एक ऑक्सिजन बसवून त्याचं इपॉक्साइड करायचं, म्हणजे तिथेही तीन अणूंचं वलय, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. मग ते वलय दुसऱ्या साखरेने उघडायचं, की दोन साखरा जोडल्या गेल्या. त्या इपॉक्साइडच्या एका टोकाला साखरेच्या वलयातला ऑक्सिजन चिकटलेला असल्यामुळे ते भलतंच हळवं असतं. आम्लाचा स्पर्श झाला, ओलावा लागला, शुद्ध करायला सिलिकाच्या कॉलमवरून नेलं, की उघडलंच.

मी आधी एमसीपीबीए वापरलं, ऑक्सिजन बसवायचं नेहमीचं रसायन. ते कपाटात असतं, डब्यात असतं, सगळ्यांना माहीत असतं. ते आपला ऑक्सिजन देतं, पण दिल्यावर त्याचं मेटाक्लोरोबेन्झॉइक आम्ल होतं आणि ते तिथेच राहतं. माझं इपॉक्साइड तयार व्हायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या आम्लाने लगेच उघडायचं. रेणूची बांधणी दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राच्या कागदावर मला रोज ते आम्ल चिकटलेली साखर दिसायची. सोडा घालून पाहिला, थंडी वाढवून पाहिली. पाहुणा आहेर देऊन गेला असता तर काही प्रश्न नव्हता. तो घरातच मुक्काम ठोकून बसत होता.

मग गाईडने १९८९ चा हॅलकोम आणि डॅनिशेफ्स्की यांचा निबंध पुढ्यात टाकला. डीएमडीओ. ग्लुकॅल मिथिलीन क्लोराइडमध्ये शून्य अंशांना ठेवलं आणि त्यात तो फिकट पिवळा ॲसिटोन ओतला. पिवळी झाक डोळ्यांदेखत गेली. तासाभराने रोटावॅपवर, म्हणजे निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, लावलं, जेमतेम कोमट पाण्यात. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, निर्वातात त्याच्याही खूप आधी, ते निघून गेलं. फ्लास्कच्या तळाशी पांढरट थर राहिला. धुणं नाही, गाळणं नाही, कॉलम नाही. तो थर तसाच एनएमआरच्या नळीत घातला आणि कागदावर उमटली ती फक्त माझी साखर. मी मशीनच्या खोलीत तो कागद हातात धरून खुर्चीवर बसून राहिले होते.

ऑक्सिजन देऊन झाला की डीएमडीओचं ॲसिटोन होतं. वलय सुटतं, ताण जातो, कार्बन-ऑक्सिजनचा भक्कम दुहेरी बंध मिळतो, म्हणूनच ते इतक्या थंडीतही ऑक्सिजन देऊन टाकायला तयार असतं. आणि जे उरतं ते आधीपासून द्रावक म्हणून हजरच होतं. नवीन काही मागे राहत नाही. अडीच-पाच टक्के उताऱ्यावर जग का समाधान मानतं, त्याचं उत्तर हे.

ऑक्सिजन देण्याची रीतही देखणी आहे. सगळं एका झटक्यात घडतं, मधे कुठे थांबा नाही, त्यामुळे दुहेरी बंधाभोवतीचे गट ज्या बाजूला होते त्याच बाजूला राहतात. बाउमस्टार्क यांनी १९८० च्या दशकात वेग मोजले तेव्हा दिसलं की दोन्ही गट एका अंगाला असलेली अल्कीनं (दुहेरी बंधाची संयुगं) विरुद्ध अंगवाल्यांपेक्षा कितीतरी पट वेगाने क्रिया करतात. डायऑक्सिरेनचं वलय दुहेरी बंधाच्या पातळीला काटकोनात उभं राहून येतं, म्हणून गट एकाच अंगाला असतील तर दुसऱ्या अंगाने त्याला वाट मोकळी मिळते. मी वर्गात हे दोन वह्यांनी दाखवते, एक आडवी आणि एक तिच्यावर उभी.

बाकी भावंडांबद्दल थोडक्यात. इटलीतल्या बारी शहरातल्या कुर्ची यांच्या गटाने १९८८ मध्ये एका मिथिलऐवजी ट्रायफ्लुओरोमिथिल असलेलं वलय वेगळं काढलं. ते डीएमडीओच्या शेकडो पट तेज, साध्या कार्बन-हायड्रोजन बंधात ऑक्सिजन घुसवणारं. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन अशा वलयांना ऑक्साझिरिडीन म्हणतात, ती शांत स्वभावाची. त्यातलं एक, डेव्हिस यांचं, कापरापासून निघालेल्या सल्फोनिक आम्लातून करतात. पांढरे स्फटिक, साध्या बाटलीत टिकणारे. आरतीच्या तबकातला कापूर या कामाला लागतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. आणि यियान शी यांनी १९९६ मध्ये फळांतल्या साखरेपासून, फ्रुक्टोजपासून, दोनच पायऱ्यांत एक कीटोन केलं, जे भांड्यातच डायऑक्सिरेन बनून उजवं-डावं ओळखून ऑक्सिजन बसवतं. मधात आणि आंब्यात असलेली साखर. त्यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मला लिहायचंय ते शेंगदाण्यांबद्दल.

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरात वर्षाचे दाणे भरायचे आणि आई ते निवडायची. नुसतं पाखडून भागायचं नाही. दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसायची आणि एकेक मूठ पसरून बोटाने दाणा दाणा सारायची. चिमलेला, काळवंडलेला, साल सुटून आत करडा पडलेला, बुरा धरलेला, असा प्रत्येक दाणा वेगळ्या वाटीत. ती वाटी कोंबड्यांसमोरही जायची नाही, चुलीत जायची. मी विचारायचे, कोंबड्या खातील की. ती म्हणायची, "आपल्या तोंडाला नको ते मुक्या जिवाच्या तोंडाला कशाला?" चुकून एखादा कडू दाणा तोंडात आलाच तर गिळायचा नाही, थुंकून चूळ भरायची, हा घरचा नियम.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखभर टर्की पक्षी मेले. कारण सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने त्यात विष केलं होतं, म्हणून त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली ते निळं चमकतं, त्या निळ्यावरूनच मुख्य प्रकाराला बी हे अक्षर मिळालं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. नोंदलेल्या ३९७ आजाऱ्यांपैकी १०६ दगावले. गावातली कुत्रीही मेली. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. त्या अहवालाची प्रत मी ग्रंथालयात वाचली तेव्हा दिवसभर दुसरं काही हातून झालं नाही. त्या माणसांना निवड करायला सूपभर धान्यसुद्धा शिल्लक नव्हतं.

अफ्लाटॉक्सिन स्वतः तितकंसं क्रियाशील नाही. आपलं यकृतच त्याला धार लावतं. नको असलेला रेणू पाण्यात विरघळून बाहेर जावा म्हणून यकृतातली एन्झाइमं त्यावर ऑक्सिजन बसवतात. अफ्लाटॉक्सिनच्या एका टोकाला एक दुहेरी बंध आहे, आठव्या आणि नवव्या कार्बनमध्ये. ऑक्सिजन तिथे बसला की तीन अणूंचं ताणलेलं वलय तयार होतं, इपॉक्साइड. रेणूचा चपटा भाग डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकतो, ते वलय डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या ग्वानीनसमोर येतं, उघडतं आणि ग्वानीनला कायमचं चिकटतं. यकृताच्या कर्करोगाची एक सुरुवात इथे होते. शरीराकडे ग्लुटाथायोन आहे, ते या वलयाला आधीच उघडून निकामी करू शकतं. उंदीर हे काम फार चांगलं करतात म्हणून ते बऱ्यापैकी वाचतात. त्यांचेच नातलग घुशीसारखे प्रयोगशाळेतले रॅट वाचत नाहीत.

१९७० च्या दशकात डीएनएला चिकटलेला तुकडा ओळखला गेला होता आणि त्यावरून सगळ्यांची खात्री होती की मधे इपॉक्साइड असणार. पण ते हातात कोणाच्या आलं नव्हतं. येणार कसं? माझ्या साखरेसारखंच त्या वलयाच्या शेजारी ऑक्सिजन, तसंच हळवं. पाण्यात ते अर्धं संपायला सुमारे एक सेकंद लागतो, हे पुढे मोजलं गेलं. आम्ल मागे सोडणाऱ्या कुठल्याही ऑक्सिडकारकाजवळ त्याचा निभाव लागणार नव्हता.

१९८८ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात बेर्ट्शी, रॅनी, स्टोन आणि हॅरिस यांनी अफ्लाटॉक्सिनवर डीएमडीओ घातलं. कोरडं द्रावण, ॲसिटोन उडून गेलं, आणि फ्लास्कमध्ये ते इपॉक्साइड उरलं, शुद्ध. डीएनएसोबत ठेवलं तर ग्वानीनवर तेच चिकटलं जे यकृतात चिकटतं. जो रेणू शरीरात सेकंदभर असतो, तो कोरड्या बाटलीत समोर ठेवून पाहता आला. त्यानंतर त्याचा वेग मोजता आला, ग्लुटाथायोन त्याच्याशी कसं वागतं ते तपासता आलं, कुठल्या बाजूचं वलय घातक ते ठरवता आलं. तो निबंध मी रात्री होस्टेलवर वाचला. सकाळी ज्या बाटलीतून मी साखरेसाठी पाच मिलिलिटर घेतले होते, तसल्याच बाटलीने हे काम केलं होतं. आणि मला ओसरीवरचं सूप दिसलं.

ती बाटली मी फार जपायचे. डीएमडीओ साठवायचं तर उणे २० अंशांना, तेही थोडकेच दिवस. एका दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या फ्रीझरची पिन कोणीतरी काढली. परत आले तेव्हा चार वेळा केलेल्या डीएमडीओचा साठा पाण्यासारखा स्वच्छ झालेला. पांढऱ्या कागदासमोर धरला, टायट्रेशनही केलं, आयोडीनचा डागसुद्धा उठला नाही. हे वलय उबेत राहिलं की आपलं आपणच मोडतं, काहीचं मिथिल ॲसिटेट होतं. चार दिवसांचे श्रम होते, फार वाईट वाटलं. पण त्याच आठवड्यात पाचव्यांदा बर्फ आणायला गेले.

पुढे मी शिकवायला लागले. मागच्या वर्षी सुट्टीत गावी गेले तर आई अजून दाणे निवडत होती. आता चष्मा लावून, आणि सूप मांडीवर न घेता पाटावर ठेवून. मी तिच्याकडून दोन पुड्या मागून घेतल्या, एक निवडलेल्या दाण्यांची, एक टाकून दिलेल्यांची. माझी एक मैत्रीण अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. हातमोजे, मास्क घालून आम्ही दोन्ही पुड्या वेगवेगळ्या दळल्या, अर्क काढला आणि पातळ थराच्या प्लेटवर तीन ठिपके दिले: मधे खात्रीचं अफ्लाटॉक्सिन, डावीकडे निवडलेले, उजवीकडे टाकलेले. प्लेट चढून आली, वाळवली, दिवे घालवले आणि अतिनील दिवा लावला. मधला ठिपका निळा. उजवीकडे त्याच उंचीवर दुसरा निळा ठिपका. डावीकडे त्या उंचीवर अंधार.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, तू टाकलेल्या दाण्यांतच विष होतं, चांगल्यांत नव्हतं, आज यंत्राखाली पाहिलं.

"ते डोळ्यालाही दिसतंच की," आई म्हणाली. मग मी तिला सगळं सांगायला लागले, यकृत, ऑक्सिजन, ते तीन अणूंचं कडं. मागे दाणे सूपावरून सरकल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ तिने ऐकलं.

"उद्या सांग हं बाकीचं," ती म्हणाली. "निवडताना बोललं की एखादा राहून जातो."